पदनामातून गळालेली ‘प्रसाविका’

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांपैकी १२ नवजात अर्भके होती. पुढच्या दिवशी मृतांचा आकडा ३१ वर गेला आणि नांदेड देशभरच्या बातम्यांत आले. औषधखरेदीतील दिरंगाई, रिक्त पदे, खाटांहून कितीतरी अधिक रुग्ण या साऱ्यांची चर्चा झाली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मंत्र्यांचे दौरे झाले, आश्वासने झाली. रुग्णालय प्रशासनाने त्या वेळी केलेल्या खुलाशात एक मुद्दा असा होता की, दगावलेल्यांपैकी अनेक बालके कमी वजनाची होती आणि ती अन्य ठिकाणांहून अत्यवस्थ स्थितीत आणली गेली होती. हा खुलासा जबाबदारी झटकणारा आहे अशी टीका झाली. ती सर्वस्वी अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. तथापि तो खुलासा क्षणभर खरा मानला तर प्रश्न विष्णुपुरीच्या रुग्णालयापुरता राहत नाही. तेथे येऊन मिळणाऱ्या प्रत्येक रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला काय घडते, याकडे तो वळतो.

त्या रस्त्यांपैकी एक भोकरचा आहे. नांदेडपासून सुमारे पन्नास किलोमीटरवरचे हे तालुक्याचे गाव. तालुक्याची एक कड तेलंगणाला लागलेली. पाळजच्या लाकडी गणपतीच्या दर्शनाला दोन्ही राज्यांतून माणसे येतात आणि सोयरिकीही सीमेच्या दोन्ही बाजूंना होतात. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, भोवतीच्या गावांत प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे आहेत. कागदावर पाहिले तर गरोदर स्त्रीसाठी साखळी पूर्ण आहे. आशाताई नोंद करते, आरोग्यसेविका तपासते, दिवस भरले की वाहन येते, प्रसूती रुग्णालयात होते आणि अवघड असेल तर नांदेडला ‘रेफर’ होते. ‘रेफर’ हा इंग्रजी शब्द आता तांड्यावरच्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक झाला आहे. आपली आरोग्यव्यवस्था खेड्यापर्यंत कोणत्या रूपाने पोचली, याचे याहून नेमके वर्णन करणे कठीण आहे.

या साखळीला यश आले, हे आधी निखळपणे मान्य केले पाहिजे. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, २०११ मध्ये जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातील प्रसूती, औषधे, आहार आणि वाहतूक मोफत केली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६च्या फेरीत महाराष्ट्रातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण ९०.३ टक्के होते. २०१९-२१च्या फेरीत ते ९४.७ टक्के झाले. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१८-२०च्या आकडेवारीनुसार राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, त्या वेळी देशाचे प्रमाण ९७ होते. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे जेथे सहज म्हटले जाई, तेथे ही प्रगती लहान नव्हे.

परंतु त्याच सर्वेक्षणाच्या दुसऱ्या एका ओळीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेल्या बालकांचे प्रमाण महाराष्ट्रात २०१५-१६ मध्ये ५७.५ टक्के होते. पुढच्या फेरीत ते ५३.२ टक्क्यांवर घसरले. रुग्णालयातील प्रसूती वाढल्या आणि पहिल्या तासातले स्तनपान घटले. घरी, अंधाऱ्या खोलीत, अडाणी सुईणीच्या हातून होणाऱ्या बाळंतपणात पहिले दूध नाकारले जात असेल तर त्याचे कारण अंधश्रद्धा म्हणून सांगता येते. शंभरातल्या जवळजवळ पंचाण्णव स्त्रिया परिचारिका आणि डॉक्टर यांच्यासमोर बाळंत होत असतील आणि तरीही जवळजवळ निम्म्या बाळांना तासाभरात आईचे दूध मिळत नसेल, तर दोष कोणत्या श्रद्धेला द्यायचा?

एक कारण उघड आहे. याच काळात राज्यातील सिझेरियनचे प्रमाण २०.१ टक्क्यांवरून २५.४ टक्क्यांवर गेले. शस्त्रक्रियेनंतर आई एका खोलीत आणि बाळ दुसऱ्या खोलीत, ही आपल्याकडची रूढ व्यवस्था. मग कोणीतरी नातेवाईक औषधाच्या दुकानात धाडला जातो आणि बाळाच्या तोंडी पहिल्यांदा लागते ती पावडरच्या दुधाची वाटी. पण एवढ्याने सगळे उलगडत नाही. नैसर्गिक प्रसूतीनंतरही बाळ पुसून, गुंडाळून, वजन करून बाजूला ठेवले जाते. आईचे टाके होईपर्यंत ते कोणाच्या तरी मांडीवर असते. त्या गडबडीत बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवणे हे नेमून दिलेले काम कोणाचेच नसते. डॉक्टरांना पुढचा रुग्ण असतो, परिचारिकेला चार नोंदवह्या भरायच्या असतात. आणि जी बाई हे काम करणार होती, ती त्या खोलीत नाही.

ती बाई कोण, हे आपल्या सरकारी पदनामातच लिहिलेले होते. उपकेंद्रातील ज्या कर्मचारिणीला आपण ‘नर्सबाई’ म्हणतो तिचे मूळ पदनाम ‘साहाय्यकारी परिचारिका प्रसाविका’ असे. प्रसाविका म्हणजे प्रसूती करविणारी. पन्नाशीच्या दशकात आखलेल्या या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात नऊ महिने प्रसूतिविद्येसाठी राखलेले होते. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने आरोग्य कर्मचारी ‘बहुउद्देशीय’ करण्याची शिफारस केली. त्यानंतर हा अभ्यासक्रम दीड वर्षाचा झाला आणि प्रसूतिविद्येचे नऊ महिने सहावर आले. पुढे अभ्यासक्रम पुन्हा लांबला, पण काम बदलले ते बदललेच. लसीकरण, कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे, साथरोग, मधुमेह-रक्तदाबाची तपासणी आणि आता मोबाइलवर भरायची माहिती. पाच हजार लोकसंख्येमागे एक आरोग्यसेविका, ती काय काय करणार? आज तिचे रोजच्या वापरातले नाव ‘आरोग्यसेविका’ आहे. ‘प्रसाविका’ हा शब्द गळाला आणि त्याच्यामागून ते कामही गळाले.

दुसऱ्या बाजूने सुईणही गेली. तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. विळ्याने किंवा जुन्या पात्याने नाळ कापणे, त्यावर राख वा हळद चेपणे, अडलेल्या बाईचे पोट दाबणे यांत कित्येक स्त्रिया आणि अर्भके गेली. धनुर्वाताने गेलेल्या बाळांची गणती कोणी ठेवली नाही. सरकारने काही दशके दायांना प्रशिक्षण दिले, मग जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कुशल प्रसूती साहाय्य’ या व्याख्येत त्या बसत नाहीत म्हणून सोडून दिले. तो निर्णय चुकीचा होता असे आज म्हणता येणार नाही. मात्र सुईण दोन कामे करीत असे. एक नाळ कापण्याचे, आणि ते तिला नीट येत नव्हते. दुसरे, कळा सुरू झाल्यापासून बाळ अंगावर पिऊ लागेपर्यंत त्या बाईजवळ बसण्याचे. पाठ चोळणे, फिरायला लावणे, घोटभर पाणी पाजणे, धीर देणे, ओरडली तर ओरडू देणे हे त्यातच आले. पहिले काम आपण रुग्णालयाकडे सोपवले. दुसरे कोणाकडेच सोपवले नाही.

सरकारी प्रसूतिकक्षात नात्यातल्या बाईला आत सोडावे, असे केंद्राचे निर्देश आहेत. २०१७च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात त्याचा अंतर्भावही आहे. प्रत्यक्षात दार लावून घेतले जाते. आत कळा देणारी बाई टेबलावर उताणी, सलाइनमधून कळा वाढवणारे इंजेक्शन चालू, आणि ‘आता कशाला ओरडतेस’ हे वाक्य. हे वाक्य ऐकलेले नाही अशी सरकारी रुग्णालयात बाळंत झालेली स्त्री शोधावी लागेल. परिचारिका निर्दय असतात असे नव्हे. एकाच वेळी तीन टेबले सांभाळणाऱ्या बाईच्या तोंडून ते निघते, आणि खासगी रुग्णालयात ते निघत नसले तर त्याचे कारण कित्येकदा एवढेच की, तेथे कळांची वाट पाहण्याचा प्रसंगच येऊ दिला जात नाही. २०१९-२१च्या सर्वेक्षणानुसार देशातील खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या; सरकारी रुग्णालयांत हेच प्रमाण १४.३ टक्के होते.

स्तनपानाविषयी आपल्याकडे उपदेश उदंड आहे. १ ते ७ ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह १९९२ पासून साजरा होतो. त्या दिवसांत रुग्णालयाच्या आवारात रांगोळ्या निघतात, पोस्टरांचे प्रदर्शन भरते. आईचे दूध अमृत आहे हे ऐकून ऐकून त्या शब्दाचा अर्थ झिजला आहे. नव्या आईला त्या क्षणी अमृताची महती नको असते. बाळाला छातीशी कसे धरायचे, हे दाखवणारा हात हवा असतो. बाळाने केवळ स्तनाग्र तोंडात धरले तर आईला वेदना होतात, भेगा पडतात आणि दूध मात्र फार थोडे येते. तोंड मोठे उघडून भोवतालच्या काळसर भागाचा, विशेषतः खालच्या बाजूचा, बराचसा हिस्सा त्याच्या तोंडात गेला पाहिजे. बाळाची मान वळलेली नसावी, हनुवटी स्तनाला टेकलेली असावी. वाचायला हे दोन ओळींचे आहे. प्रत्यक्षात पहिल्या दोन दिवसांत दहा वेळा कोणीतरी शेजारी बसून करून घ्यावे लागते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने या तंत्राच्या चित्रफिती मराठीसह अनेक भाषांत केल्या आहेत, त्या उत्तम आहेत. पण चित्रफीत पाहून पोहता येत नाही, तसेच हेही.

ज्या आईला हे कोणी दाखवले नाही ती तिसऱ्या दिवशी म्हणते, ‘मला दूधच येत नाही.’ सासू म्हणते, ‘पोर उपाशी आहे.’ मग मध, साखरेचे पाणी, गुटी, गाईचे पाणी घातलेले दूध, ऐपत असेल तर डबा. वास्तविक पहिल्या दिवशी नवजाताचे पोट काही चमचे मावेल एवढेच असते आणि तेवढा चीक बहुतेक प्रत्येक आईला येतो. या चिकाची आपल्याकडे अजब कथा आहे. व्यालेल्या गाईचा चीक आधी वासराला पाजावा, त्याविना ते तगत नाही, हे शेतकऱ्याच्या घरातल्या पोरासोरांना कळते. उरलेल्याचा खरवस घरोघर वाटला जातो. त्याच घरात सुनेचा चीक ‘घट्ट आहे, पिवळा आहे, बाळाला बाधेल’ म्हणून पिळून टाकण्याची चाल होती आणि ती पुरती गेलेली नाही. शहरी वाचकाने यावर फार हसू नये. त्याच्या इमारतीत चीक पिळून टाकत नसतील, पण ‘दूध पुरत नाही’ या निदानावर तिसऱ्या दिवशी डबा उघडणारी कुटुंबे तेथे कमी नाहीत. बाटल्या आणि शिशुआहार यांच्या जाहिरातींवर, फुकट नमुन्यांवर १९९२च्या कायद्याने बंदी आहे, २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. तरीही डबा घरात येतोच, कारण अडचणीच्या वेळी दुसरे काही हाताशी नसते.

आणि ज्या बाळांसाठी हे सर्वांत निकडीचे, ती नेमकी कमी वजनाची बाळे. नांदेडला दगावलेल्यांत अशी बाळे होती असे सांगितले गेले. अशा बाळाला काचेच्या पेटीत ठेवण्यापेक्षा जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवले तर काय होते, याची मोठी चाचणी दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांत झाली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांतील पहिल्या महिन्याचे मृत्यू सुमारे पाव हिश्शाने घटले. यासाठी करोडोंची यंत्रे लागत नाहीत. आईला बाळाच्या कक्षात झोपायला खाट लागते आणि ते बाळ धरायला शिकवणारी माणसे लागतात. स्वतःचे दूध कमी पडणाऱ्या बाळांसाठी दुग्धपेढीचा मार्गही महाराष्ट्राला नवा नाही, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी उभारली होती.

या संदर्भात भोकरच्या शेजारी काय घडले ते पाहण्यासारखे आहे. तेलंगणाने २०१७ मध्ये सरकारी रुग्णालयात बाळंत होणाऱ्या स्त्रीला १२ हजार रुपये, मुलगी झाल्यास १३ हजार, आणि बाळंतविड्याची पेटी देण्याची योजना आणली. महाराष्ट्रात जननी सुरक्षेचे ग्रामीण अनुदान ७०० रुपये, तेही दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींतील स्त्रियांना. धर्माबाद तालुक्यातील गावांनी २०१८ मध्ये तेलंगणात जाण्याची मागणी केली तिच्यामागे अशा योजनांचीच तुलना होती. पैशाने स्त्रिया सरकारी रुग्णालयात आल्या. पण आल्यावर त्यांचे काय झाले? २०१९-२१च्या सर्वेक्षणात तेलंगणाचे सिझेरियनचे प्रमाण ६०.७ टक्के निघाले, देशात सर्वाधिक. अनुदान स्त्रीला दारापर्यंत आणते, दाराच्या आतले बदलत नाही, याचा हा पुरावा.

तेलंगणाने मात्र त्याच वर्षी आणखी एक गोष्ट केली. हैदराबादच्या फर्नांडिस फाउंडेशनच्या आणि युनिसेफच्या साहाय्याने करीमनगरला तीस परिचारिकांची पहिली तुकडी पूर्णवेळ प्रसाविका म्हणून तयार करण्यास घेतली. केंद्र सरकारने २०१८ मध्ये प्रसाविका सेवांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. परिचारिकेला अठरा महिन्यांचे निवासी प्रशिक्षण, त्यानंतर तिने प्रसाविका-संचालित कक्षात गुंतागुंत नसलेल्या प्रसूती स्वतःच्या जबाबदारीवर कराव्यात, आणि अवघड होताच डॉक्टरांना बोलवावे, अशी ती योजना. श्रीलंकेत सार्वजनिक आरोग्य प्रसाविका कित्येक दशकांपासून घरोघर जाते, आणि त्या देशाचा मातामृत्यूचा दर आपल्याहून फार पूर्वी खाली आला. अशा सेवेविषयीच्या सतरा चाचण्यांचा आढावा २०२४ मध्ये नव्याने घेण्यात आला. त्यात साडेअठरा हजारांवर स्त्रियांचा समावेश होता. एकाच प्रसाविकेची किंवा एकाच गटाची साथ मिळालेल्या स्त्रियांत नैसर्गिक प्रसूती अधिक आणि सिझेरियन कमी, असे त्यात दिसले. अकाली प्रसूती घटतात हा आधीच्या आढाव्यातला दावा मात्र या वेळी टिकला नाही, आणि या चाचण्या प्रामुख्याने श्रीमंत देशांतल्या आहेत. तेव्हा प्रसाविका हा जादूचा कांडी-उपाय म्हणून कोणी विकू नये. जेथे रक्तपेढी नाही, भूलतज्ज्ञ नाही, तेथे उत्तम प्रसाविकाही रक्तस्रावाने जाणारी स्त्री वाचवू शकणार नाही.

तरीही भोकरसारख्या ठिकाणी तिची गरज सर्वाधिक आहे, आणि ती याच कारणासाठी. विशेषज्ञ डॉक्टर तालुक्याला टिकत नाहीत, ही तक्रार जुनी आहे आणि वेतनवाढीने ती मिटलेली नाही. विशेषज्ञ नाही म्हणून सोप्या प्रसूतीही धोका न पत्करता नांदेडला धाडल्या जातात. मग नांदेडला गर्दी होते आणि त्या गर्दीत खरोखर अवघड प्रसूती मागे राहतात. सोपी प्रसूती खालीच निभावणारी आणि अवघड होण्याची चिन्हे दोन तास आधी ओळखणारी स्त्री भोकरला असणे, हा विष्णुपुरीच्या नवजात कक्षावरचा भार उतरवण्याचा मार्ग आहे. अत्यवस्थ होऊन पोचणाऱ्या बाळांपैकी काही बाळे वेळेवर निघाली असती तर अत्यवस्थ झाली नसती.

बाळ घरी गेल्यावरची कथा निराळी. त्यासाठी गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने वाट दाखवली, गावातल्याच स्त्रियांना नवजाताची काळजी शिकवून अर्भकमृत्यू किती घटवता येतात याचे त्यांचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ पासून देशभर आशाताई रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा भेटी देतात, त्याचे त्यांना अडीचशे रुपये ठरवण्यात आले. गावातल्या बायांकडून काय होऊ शकते हे भोकर तालुक्यातीलच भोसीने २०२१ मध्ये दाखवले. करोनाची लागण झालेल्या शंभरावर गावकऱ्यांना शेतात विलगीकरणात ठेवले गेले, तेव्हा आशा आणि अंगणवाडी सेविका रोज शेतावर जाऊन त्यांची विचारपूस करीत होत्या.

मात्र या गृहभेटींना आपल्या एका लाडक्या रीतीने खिंडार पाडले आहे. पहिले बाळंतपण माहेरी. नोंद सासरच्या गावी, तपासण्या तेथेच, आणि सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी. कदाचित दुसऱ्या तालुक्यात, भोकरच्या बाबतीत कदाचित दुसऱ्या राज्यात. सासरच्या आशाताईच्या यादीत ती असते पण गावात नसते; माहेरच्या आशाताईच्या गावात असते पण यादीत नसते. तिच्या रक्तातील लोह किती, आधीचा रक्तदाब काय, हे सांगणारे कार्ड पिशवीत असले तर असते. ऊसतोडीला गेलेल्या बाईचे तर कोपीवरच सारे होते. माता-बालकांच्या नोंदी आता संगणकावर आहेत. पण यंत्रणेला हे जाणे-येणे अपवाद वाटते. मराठवाड्यात तो नियम आहे.

केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे येऊन काही वर्षे झाली. २०२३ मध्ये संसदेने परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा कायदा संमत केला आणि १९४७च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी तो आणला. त्याच्या नावात ‘प्रसाविका’ परत आली. पण नाव कायद्यात येणे आणि पद आकृतिबंधात येणे यांत अंतर आहे. अठरा महिने शिकून आलेली परिचारिका जर पूर्वीच्याच पदावर, पूर्वीच्याच वेतनात परतणार असेल आणि सहा महिन्यांनी तिची बदली पुरुष कक्षात होणार असेल, तर ते शिक्षण वाया गेले. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत स्वतंत्र पद, तीन पाळ्यांना पुरतील इतक्या जणी, प्रसूतिकक्षाबाहेर बदली न करण्याचा नियम, आणि निर्णय घेण्याचा लेखी अधिकार, एवढे ठरवण्यासाठी कोणत्याही नव्या संशोधनाची वाट पाहावी लागत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनांचा काही प्रमाणात विरोध होईल. अधिकार वाटून घ्यायला कोणालाच आवडत नाही. त्याला उत्तर देण्यासाठी राज्याला एक जिल्हा निवडून तेथे हे करून दाखवावे लागेल, आणि २०२३ मध्ये जे घडले त्यानंतर तो जिल्हा नांदेड असावा, यासाठी वेगळे समर्थन लागू नये.